पैसे पुरतीन का? घरखर्च आणि शेतीचा हिशेब समीकरणानं मांडायची रीत

मृग लागायच्या आधीचा आठवडा. कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. मागचा माणूस घाई करतो, दुकानदार विचारतो, "काय देऊ?" आणि आपण हातातल्या नोटा पुन्हा मोजत राहतो. अशा गर्दीत घेतलेला निर्णय वर्षभर भोवतो. तोच हिशेब आदल्या रात्री घरी बसून, पोरांच्या वहीच्या मागच्या पानावर दहा मिनिटांत होतो. त्याला नववी-दहावीतलं रेषीय समीकरण पुरतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते मार्कांपुरतं केलं आणि शाळेतच सोडून आलो.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात महिला बचत गटाच्या वह्या लिहिते. गटातल्या बायांना हे समजावताना जे उदाहरण लगेच पटलं, त्यापासून सुरुवात करते.

अडीच एकरात पऱ्हाटी (कपाशी) लावायची आहे, एकरी २ पाकिटं, म्हणजे ५ पाकिटं. २०२५च्या हंगामात बीजी-२ या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. ५ पाकिटांचे झाले ४,५०५. हातात १०,००० रुपये असतील तर खताला ५,४९५ उरले. डीएपीची ५० किलोची थैली १,३५० रुपये आणि युरियाची ४५ किलोची थैली २६६ रुपये ५० पैसे धरू. डीएपीच्या थैल्यांना ‘ड’ म्हणू, युरियाच्या थैल्यांना ‘यु’:

१,३५० × ड + २६६.५ × यु ≤ ५,४९५

मधलं चिन्ह ≤ म्हणजे "डावीकडचं उजवीकडच्याइतकं किंवा त्याहून कमी". साध्या भाषेत, खर्च खिशाच्या आत. डीएपीच्या ३ थैल्या घेतल्या तर ४,०५० गेले, १,४४५ उरले, त्यात युरियाच्या ५ थैल्या येतात आणि ११२ रुपये ५० पैसे वाचतात. डीएपीच्या ४ घेतल्या तर ५,४०० गेले आणि युरियाची एकही थैली येत नाही. म्हणजे दुकानात "अजून एक डीएपी घेऊन टाका" हे ऐकताना समजायचं की त्या एका थैलीपायी युरियाच्या पाच थैल्या सोडाव्या लागतील. पिकाला कशाची गरज आहे ते माती परीक्षणावरून किंवा कृषी सहायकाला विचारून ठरवा. पण कशासाठी काय सोडावं लागतं, ते ही एक ओळ सांगते.

पहिली पायरी: प्रश्न वाक्यात लिहा, मग न ठाऊक असलेल्या गोष्टीला नाव द्या

गटातली एक काकू मला म्हणाली होती, "माह्या घरी त घ्याले पैसे नाई, अन् हे अक्षरं काय कामाचे वं?" तिची शंका खरी होती. अक्षर म्हणजे रिकामं पोतं. आत किती माल येणार ते अजून ठाऊक नाही, पण पोत्यावर नाव टाकून ठेवलं की हिशेब थांबत नाही. १२व्या शतकात भास्कराचार्य अशा अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. दुसरी-तिसरी अज्ञात संख्या आली की तिला कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं असत. म्हणून शाळेतली अक्षरं आठवत नसली तरी बिघडत नाही. ‘ड’, ‘यु’, ‘क’, ‘स’, जे सोयीचं वाटेल ते लिहा.

फक्त एक काळजी घ्या. नावासोबत एकक लिहा. "क = कापूस" असं लिहू नका. "क = कापसाचे एकर" किंवा "क = कापसाचे क्विंटल" असं लिहा. गटाच्या वह्यांमध्ये मी पाहिलेल्या चुकांपैकी सगळ्यात जास्त इथेच झाल्या आहेत. पहिल्या ओळीत एकर धरलेलं असतं आणि तिसऱ्या ओळीत तेच अक्षर क्विंटल होऊन बसतं.

दुसरी पायरी: ठरलेला खर्च वेगळा, वाढता खर्च वेगळा

घरातला जवळजवळ प्रत्येक खर्च दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा काहीही झालं तरी लागतो. दुसरा नगामागे, किलोमागे, दिवसामागे वाढत जातो. म्हणून साचा असा:

एकूण खर्च = ठरलेली रक्कम + दर × नग

सोयाबीन तालुक्याच्या बाजार समितीत न्यायचं आहे. एक टेम्पोवाला फेरीचे १,५०० रुपये घेतो आणि वर क्विंटलमागे ५० रुपये हमाली. दुसरा म्हणतो, "हमालीसकट क्विंटलले दीडशे द्या, बाकी काही नाई." स्वस्त कोण? क्ष म्हणजे क्विंटल. दोघांचा खर्च सारखा कधी होतो ते बघू:

१५० × क्ष = १,५०० + ५० × क्ष
१०० × क्ष = १,५००
क्ष = १५

बरोबर १५ क्विंटलला दोघे सारखे. त्याहून कमी माल असेल तर दुसरा, जास्त असेल तर पहिला. माझा चुलतभाऊ दरवर्षी पहिल्यालाच सांगायचा, कारण "पन्नास" हा आकडा "दीडशे"पेक्षा लहान दिसतो. त्याचा माल असतो ९-१० क्विंटल. १० क्विंटलला पहिल्याचे २,००० होतात आणि दुसऱ्याचे १,५००.

एसटीच्या तिकिटाचंही असंच मांडता येतं. २०२३च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या लेकराला अर्धं आहेच. आई, आजी, बाबा आणि लहान पोरगं निघाले तर माणसं चार पण तिकीट अडीच. काळीपिवळी जीपमध्ये चौघांचे चार. पूर्ण तिकीट भ रुपये धरलं तर एका बाजूनं १.५ × भ इतका फरक पडतो, आणि दवाखान्याच्या जाण्या-येण्यात तो दुप्पट होतो.

तिसरी पायरी: शब्द ऐका, त्यावरून चिन्ह ठरवा

शाळेतल्या गणितात बहुतेक ‘=’ असतं. घरात ते क्वचितच असतं. घरात आपण बोलतो ते असं: "दोन हजार तरी राहिले पाहिजेत", "आठशेच्या वर जाऊ देऊ नको", "पोळ्यापर्यंत पुरलं पाहिजे". ही सगळी असमानतेची वाक्यं आहेत. ‘निदान’, ‘कमीत कमी’, ‘तरी’, ‘पुरलं पाहिजे’ हे शब्द आले की ≥ लिहा. ‘जास्तीत जास्त’, ‘च्या आत’, ‘इतक्या रुपयांपर्यंत’, ‘वर जाऊ नये’ आले की ≤. इतकं जमलं की निम्मं काम झालं.

निंदणाचं उदाहरण घ्या. हातात ८,००० आहेत, पुढच्या फवारणीसाठी निदान २,००० राखायचे आहेत, बाईचा रोज २५० रुपये धरू. किती रोज लावता येतील? र म्हणजे रोज, एका बाईचं एका दिवसाचं काम.

८,००० − २५० × र ≥ २,०००

इथे पुष्कळांची गफलत होते. ८,००० पलीकडे नेले तर उरतं −२५० × र ≥ −६,०००, आणि ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटं होतं. हा नियम लक्षात राहत नसेल तर मी गटात सांगते तसं करा. वजाबाकीतलं पद उचलून दुसऱ्या बाजूला बेरजेत न्या, म्हणजे चिन्ह उलटवायचा प्रसंगच येत नाही:

८,००० − २,००० ≥ २५० × र
६,००० ≥ २५० × र
२४ ≥ र

जास्तीत जास्त २४ रोज. म्हणजे ८ बाया ३ दिवस, किंवा ६ बाया ४ दिवस. तण किती आहे ते बघून कोणती जोडी घ्यायची ते ठरवा.

आणि उत्तर अपूर्णांकात आलं तर? ‘जास्तीत जास्त’च्या प्रश्नात खाली या, ‘कमीत कमी’च्या प्रश्नात वर जा. खताला ५.४ थैल्यांचे पैसे असतील तर ५ थैल्या येतात. कर्ज फेडायला ७.३ क्विंटल विकावे लागत असतील तर ७ विकून भागत नाही, ८ विकावे लागतात. दशांश चिन्हानंतर ५ किंवा त्यापुढचा आकडा आला की वरचा आकडा घ्यायचा, हा शाळेतला नियम इथे चालत नाही.

चौथी पायरी: कापूस ठेवायचा की विकायचा

हा प्रश्न आमच्याकडे दिवाळीनंतर घरोघरी असतो, आणि त्यावर भांडणंही होतात. म्हणून जरा सावकाश बघू.

घरात १० क्विंटल कापूस आहे. आजचा भाव ७,००० धरू. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला, पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांच्या वर असेल तर कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. पहिल्या वेच्याचा कापूस दमट असतो, त्यामुळे गरजू माणूस खाजगीत विकतो. घरात लगेच ३०,००० लागत आहेत. भाव वाढेल या आशेवर कापूस ३ महिने ठेवायचा आणि सावकाराकडून शेकडा ३ नं ३०,००० आणायचे, असा बेत आहे. शेकडा ३ म्हणजे महिन्याला ९००, तीन महिन्यांत २,७००. भाव क्विंटलमागे ‘व’ रुपयांनी वाढायला हवा असं म्हणू. पहिल्या नजरेत:

१० × व ≥ २,७००
व ≥ २७०

"दोनशे सत्तर त वाढतेच," असं म्हणून माणूस कापूस ठेवतो. पण ठेवलेला कापूस वाळतो आणि वजनात घटतो. १०० किलोमागे २ किलो घट धरली तर १० क्विंटलचे ९.८ उरले:

९.८ × (७,००० + व) − २,७०० ≥ ७०,०००
६८,६०० + ९.८ × व ≥ ७२,७००
९.८ × व ≥ ४,१००
व ≥ ४१८.४

२७० चे ४१९ झाले. व्याज सगळ्यांना दिसतं. घट कोणाला दिसत नाही, पण इथे ती व्याजाच्या निम्म्याहून जास्त आहे. आग, पाऊस, उंदीर यांचा धोका अजून धरलेलाच नाही. आणि एकाच खोलीत कापूस आणि माणसं राहिली की अंगाला खाज सुटते, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको.

आता तिसरा मार्ग बघा. ३०,००० साठी लागतो तेवढाच कापूस आज विकायचा. ३०,००० ÷ ७,००० = ४.२९, वर गेलो तर साडेचार क्विंटल. उरलेले साडेपाच ठेवायचे. सावकार नाही, व्याज नाही, फक्त घट:

५.३९ × (७,००० + व) ≥ ३८,५००
५.३९ × व ≥ ७७०
व ≥ १४२.९

म्हणजे भाव १४३ रुपयांनी वाढला तरी थांबण्याचं नुकसान भरून निघतं. सावकाराच्या वाटेनं तोच आकडा ४१९ होता. भाव वाढेल की नाही हे मला ठाऊक नसतं आणि समीकरणालाही ठाऊक नसतं. पण किती वाढला तर परवडेल हे ठाऊक असलं की रोजचा भाव ऐकताना मनात एक रेघ असते, आणि शेजाऱ्यानं ठेवला म्हणून आपण ठेवायचा असं होत नाही. मी तर उघडच सांगते: सावकाराचे पैसे आणून माल थांबवू नका, गरजेपुरता विका. पीककर्ज असेल तर तेही या हिशेबात घ्या. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. मुदत चुकली तर तो जातो, म्हणून ‘कर्जाच्या मुदतीपर्यंत निदान इतके क्विंटल विकले पाहिजेत’ ही वेगळी असमानता वहीत हवी.

पाचवी पायरी: दोन अटी एकदम, पऱ्हाटी किती आणि सोयाबीन किती

सुरुवातीला मी अडीच एकर पऱ्हाटी म्हटलं होतं. तो आकडा इथून आला.

जमीन ५ एकर. हंगामासाठी स्वतःचे आणि पीककर्जाचे मिळून ७५,००० रुपये. बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी मिळून पऱ्हाटीला एकरी १८,००० आणि सोयाबीनला सोंगणी-मळणीसकट १२,००० धरू. वेचणी यात नाही, ती माल घरात येऊ लागल्यावर द्यायची. हे आकडे तुमच्या शेतात वेगळे असतील, मागच्या वर्षीच्या वहीतून तुमचे टाका. क म्हणजे पऱ्हाटीचे एकर, स म्हणजे सोयाबीनचे:

क + स ≤ ५
१८,००० × क + १२,००० × स ≤ ७५,०००

दुसऱ्या ओळीला ६,००० नं भागा, आकडे लहान होतात: ३क + २स ≤ १२.५. पाचही एकर पेरायचे असतील तर स = ५ − क. ते घातलं की:

३क + १० − २क ≤ १२.५
क ≤ २.५

पऱ्हाटी अडीच एकरापर्यंत. त्याहून जास्त लावायची तर काही जमीन पडीक ठेवावी लागेल. सगळे पैसे पऱ्हाटीवर लावले तर ७५,००० ÷ १८,००० = ४.१७ एकर होतात आणि पाऊण एकरावर जमीन मोकळी राहते.

हे वहीच्या चौकटींवर काढून बघा. आडव्या रेघेवर क, उभ्या रेघेवर स. जमिनीची एक तिरपी रेघ, पैशाची दुसरी. दोन्ही रेघांच्या आतला तुकडा म्हणजे तुम्हाला जमण्यासारख्या सगळ्या योजना. नफ्याचा प्रश्न आला की त्या तुकड्याचे कोपरे तपासले तरी पुरतं, कारण सरळ रेघांच्या हिशेबात सगळ्यात मोठं उत्तर कुठल्या तरी कोपऱ्यावर असतंच. इथे बघण्याजोगे कोपरे तीन: सगळं सोयाबीन, सगळी पऱ्हाटी, आणि अडीच-अडीच.

बऱ्या वर्षी पऱ्हाटी एकरी ६ क्विंटल, भाव ७,५०० धरू. ४५,००० मधून १८,००० खर्च आणि किलोला १० रुपयांप्रमाणे ६,००० वेचणी गेली की एकरी २१,००० उरतात. सोयाबीन एकरी ६ क्विंटल, भाव ४,५००, खर्च जाऊन १५,००० उरतात. मग सगळं सोयाबीन ७५,०००, सगळी पऱ्हाटी ८७,५००, अडीच-अडीच ९०,०००.

एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे बऱ्या वर्षाचा हिशेब करून पेरणं म्हणजे उघड्या विहिरीवर झोपणं आहे. वाईट वर्षंही मांडा. बोंडअळीनं पऱ्हाटी ४ क्विंटलवर आली आणि भाव ७,००० राहिला, तर खर्च आणि ४,००० वेचणी जाऊन एकरी ६,००० उरतात. मग सगळी पऱ्हाटी २५,०००, अडीच-अडीच ५२,५००, सगळं सोयाबीन ७५,०००. उलट ऐन सोंगणीत पाऊस आला, सोयाबीन ३ क्विंटलवर आणि भाव ४,००० वर गेला, तर सोयाबीनचा खर्च कसाबसा निघतो, उरत काही नाही. मग सगळं सोयाबीन शून्य, अडीच-अडीच पुन्हा ५२,५००, सगळी पऱ्हाटी ८७,५००. दोन वेगवेगळ्या वाईट वर्षांत मधला कोपरा ५२,५०० च्या खाली जात नाही. दोन्ही पिकं एकदम गेली तर तो आकडाही टिकत नाही, पण त्यापैकी एक गेलं तर घर उभं राहतं. आमचे आजोबा हे कागदाशिवाय करायचे, त्यांना कारण विचारलं की म्हणायचे, "सारे अंडे एका डालीत नाई ठेवत." कागदावर मांडलं की डालीत किती ठेवायचे तेही कळतं.

आता दुबार पेरणी. एका वर्षी आमच्या घरी मृगाचा शिडकावा झाला आणि लोकांनी पेरलं म्हणून आम्हीही पेरलं. मग पावसानं दडी मारली. उगवलेलं करपलं आणि दुसऱ्यांदा बियाणं घ्यायला पैसे नव्हते. आईच्या पाटल्या गहाण गेल्या. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तीसुद्धा एक असमानताच आहे, पाऊस ≥ ७५, आणि ती आम्ही मोडली होती. तेव्हापासून पैशाच्या ओळीत मी राखीव रक्कम आधी लिहिते:

१८,००० × क + १२,००० × स + ६,००० ≤ ७५,०००

पुन्हा सोडवलं की क ≤ १.५ येतं. एक एकर सोयाबीन काढून पऱ्हाटी लावायला ६,००० जास्त लागतात, म्हणून ६,००० राखले की पऱ्हाटी बरोबर एक एकर कमी होते. १०,००० राखले तर क ≤ ०.८३, म्हणजे ३३ गुंठे. हा आकडा बघून माझे सासरे पहिल्यांदा म्हणाले होते, "बाप्पा, एवढीच?" हो, एवढीच, नाहीतर राखीव कमी करा. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि हे जूनमध्ये कळलेलं बरं.

सहावी पायरी: दिवाळी ते दिवाळी घरखर्च

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. कास्तकाराचा पैसा दिवाळी ते होळी येतो आणि खर्च मात्र दर आठवडी बाजाराच्या दिवशी असतो. म्हणून आपलं अंदाजपत्रक महिन्याचं नको, हंगामाचं हवं.

कर्ज फेडून आणि पुढच्या पेरणीचं बाजूला काढून दिवाळीनंतर घरखर्चाला ९६,००० उरले धरू. जूनमध्ये शाळेचे ८,०००, उन्हाळ्यातल्या लग्नसराईत आहेर आणि जाणं-येणं ६,०००. आजारपणासाठी १०,००० हात न लावता. महिन्याचा खर्च म:

९६,००० − ८,००० − ६,००० − १२ × म ≥ १०,०००
७२,००० ≥ १२ × म
म ≤ ६,०००

पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,००० येतात, ते मी मुद्दाम धरले नाहीत. हप्ता कधी ई-केवायसीत अडकतो, कधी उशिरा येतो. जे तारखेला येईलच असं नाही त्याच्या भरवशावर किराणा भरायचा नाही. आले की ते राखीवात टाका.

आता खरी गोम. महिना ६,००० म्हणून आपण बाजाराला १,५०० नेतो, कारण महिन्याचे चार आठवडे. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. १,५०० × ५२ = ७८,०००. सहा हजारांचा खड्डा पडतो आणि तो नेमका भाद्रपदात कळतो. बरोबर आकडा ७२,००० ÷ ५२ = १,३८४. मोबाइलच्या २८ दिवसांच्या रिचार्जचंही हेच आहे, वर्षाला १२ नव्हे, १३ लागतात.

अधिक मास आला की अजून ताण पडतो. २०२५ची लक्ष्मीपूजनाची तारीख २१ ऑक्टोबर होती. २०२६ला अधिक ज्येष्ठ असल्यानं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. मध्ये ३८३ दिवस, म्हणजे ५५ बाजार. ७२,००० ÷ ५५ = १,३०९. सोयीसाठी १,३०० धरा.

सातवी पायरी: मधूनमधून ताडून बघा

मांडलेली ओळ दिवाळीलाच बघायची नसते. कुठल्याही दिवशी हातात किती असायला हवं ते असं:

शिल्लक ≥ १०,००० + राहिलेले मोठे खर्च + १,३०० × उरलेले बाजार

२०२६च्या होळीला ३६ बाजार उरतात, शाळा आणि लग्नं अजून व्हायची असतात. १०,००० + १४,००० + ४६,८०० = ७०,८०० हातात हवेत. आकडा मोठा वाटतो, आणि म्हणूनच होळीला बघणं महत्त्वाचं, कारण त्या वेळी घरात पैसा दिसत असतो आणि गाडीचा हप्ता सुरू करायचा मोह होतो. पोळ्याला मोठे खर्च झालेले असतात, दिवाळीपर्यंत ८ बाजार उरतात. १०,००० + १०,४०० = २०,४०० हवेत.

समजा पोळ्याच्या दिवशी मोजले आणि १७,२०० निघाले. ३,२०० कमी. ८ बाजारांवर वाटले तर बाजारामागे ४०० कमी करावे लागतील, १,३०० ऐवजी ९००. ते जमत नसेल तर जेवढं जमत नाही तेवढं राखीवातून घ्यायचं आणि वहीत तसं लिहायचं: "राखीवातून इतके घेतले, पहिल्या वेच्याच्या पैशातून परत टाकायचे." आमच्या गटात ही ओळ लाल पेननं लिहितात, आणि कापसाचे पहिले पैसे आले की सगळ्यात आधी तीच ओळ वाचतात.